चार आकडे, बारा तारा: द्राक्षबागेतल्या थर्मामीटरसाठी सेव्हन सेगमेंट डिस्प्ले कसे जोडायचे

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती घसरला ही नाशिक जिल्ह्यात रोजची बातमी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेला आकडा सकाळीच मोबाइलवर येतो. पण तो आकडा कुंदेवाडीचा. तुमची बाग दिंडोरीकडे असेल, किंवा पिंपळगावजवळ ओढ्याकाठच्या खोलगट रानात असेल, तर तिथली थंडी वेगळी. पहाटे शेकोट्या पेटवायच्या का, ठिबक चालू करायचं का, हे ज्याला ठरवायचं आहे त्याला स्वतःच्या बागेतला आकडा हवा. तो शेडच्या भिंतीवर, अंधारातही, चार पावलं लांबून दिसायला हवा. या कामाला लाल सेव्हन सेगमेंट डिस्प्ले आजही उत्तम. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कंट्रोल पॅनलवर तोच लाल आकडा वर्षानुवर्षं दिसतो, तो याच कारणासाठी.

या लेखात आपण चार अंकी डिस्प्ले आर्डुइनो उनो या छोट्या, कोड भरून चालवायच्या बोर्डाला जोडून असा थर्मामीटर बनवणार आहोत. बाग नसली तरी बिघडत नाही. घड्याळ, दवाखान्यातला टोकन नंबर, गल्लीतल्या कबड्डीचा स्कोअर, सगळ्यांची जोडणी हीच.

एक आकडा पेटवणं सोपं असतं आणि ते बहुतेकांना पहिल्याच दिवशी जमतं. गाडी अडते ती दुसऱ्या आकड्यापाशी. तिथून पुढे दोन गोष्टी नव्याने सांभाळाव्या लागतात: करंटचा हिशेब, आणि कुठला आकडा केव्हा पेटवायचा याचा क्रम. व्हिडिओ बघून तारा जुळवता येतात, पण हा हिशेब वहीवर मांडल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पहिली तार ब्रेडबोर्डात खोचण्याआधी पेन हातात घ्या.

सामान

आर्डुइनो उनो, एक मोठा ब्रेडबोर्ड, जंपर वायर, साधा मल्टिमीटर. ०.५६ इंची सेव्हन सेगमेंट, कॉमन कॅथोड (म्हणजे काय ते पायरी १ मध्ये येईल): सुटे दोन, आणि चार आकडे एकत्र असलेला एक. ३३० ओहमचे आठ रेझिस्टर, १ के चे (के म्हणजे हजार ओहम) चार, ४.७ के चा एक. बीसी५४७ ट्रान्झिस्टर चार. तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर, शक्यतो स्टीलच्या नळीत बंद केलेला वॉटरप्रूफ प्रोब. ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर दुप्पट घ्या, ते काही रुपयांत येतात आणि एकाचा पाय मोडला म्हणून पुन्हा गावात चक्कर मारणं परवडत नाही.

नाशिकमध्ये सुटे पार्ट कुठे मिळतात हे विचारायचं असेल तर तुमच्या भागातल्या टीव्ही किंवा मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला विचारा. तो जिथून सामान आणतो ते दुकान तुमच्या कामाचं. जुने दुकानदार या डिस्प्लेला एफएनडी म्हणतात आणि ५४२, ५४३ अशा नंबरांनी ओळखतात. एलटीएस५४२ कॉमन अॅनोड, एलटीएस५४३ कॉमन कॅथोड. चार आकड्यांच्या डिस्प्लेवर बाजूला ५६४१एएस छापलेलं असेल तर तो कॉमन कॅथोड, ५६४१बीएस असेल तर कॉमन अॅनोड. इथे एखादी वस्तू नाहीच मिळाली आणि घरातलं कोणी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असेल, तर लॅमिंग्टन रोडवरून आणायची यादी त्यांच्या हातात द्या.

पायरी १: डिस्प्ले ओळखा

प्रत्येक आकड्यात सात पट्ट्या असतात. वरची ए, उजवीकडे वर बी, उजवीकडे खाली सी, तळाची डी, डावीकडे खाली ई, डावीकडे वर एफ, मधली आडवी जी. शिवाय खालच्या कोपऱ्यातला दशांश बिंदू, डीपी. आत आठ एलईडी आहेत एवढंच. त्यांचे आठ पाय बाहेर वेगवेगळे काढलेले असतात आणि उरलेले आठ पाय आतच एकत्र बांधून एका कॉमनवर आणलेले असतात. ऋण टोकं एकत्र बांधली तर कॉमन कॅथोड, धन टोकं बांधली तर कॉमन अॅनोड.

सुटा डिस्प्ले समोर धरा, बिंदू उजवीकडे खाली येऊ द्या. खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे १ ते ५ पाय, वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ६ ते १०. त्यांचा क्रम असा:

१ ई, २ डी, ३ कॉमन, ४ सी, ५ डीपी, ६ बी, ७ ए, ८ कॉमन, ९ एफ, १० जी.

चार आकड्यांच्या बारा पायांच्या डिस्प्लेत खाली १ ते ६ आणि वर उजवीकडून ७ ते १२:

१ ई, २ डी, ३ डीपी, ४ सी, ५ जी, ६ चौथा आकडा, ७ बी, ८ तिसरा आकडा, ९ दुसरा आकडा, १० एफ, ११ ए, १२ पहिला आकडा.

आकडे डावीकडून मोजलेत.

छापलेल्या नंबरावर पूर्ण विसंबू नका. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावा. सुट्या डिस्प्लेच्या ३ नंबरच्या पायाला काळी प्रोब लावून लाल प्रोब बाकीच्या पायांवर फिरवा. पट्ट्या मंद उजळल्या तर कॉमन कॅथोड. काहीच उजळलं नाही तर प्रोब अदलाबदल करा. आता उजळल्या तर कॉमन अॅनोड. फिरवताना कुठल्या पायाने कुठली पट्टी लागते हे वहीत लिहून घ्या. हाच कागद पुढे तासभर वाचवतो. निळ्या किंवा पांढऱ्या डिस्प्लेला जास्त व्होल्टेज लागतं, ते काही मीटरवर उजळत नाहीत, म्हणून शिकताना लालच घ्या.

पायरी २: करंटचा हिशेब

उनोचा एक पाय सलग २० मिलिअँपिअरपर्यंत निवांत देतो. ४० ही कमाल मर्यादा आहे, ती वापरायची नसते. सगळ्या पायांचे मिळून २०० मिलिअँपिअर ही एटमेगा३२८पी या चिपची हद्द.

लाल एलईडी पेटताना स्वतः सुमारे २ व्होल्ट घेतो. उनोचा पाय ५ व्होल्ट देतो. ५ मधून २ गेले, ३ उरले. ३ व्होल्टला ३३० ओहमने भागलं की सुमारे ९ मिलिअँपिअर येतात. एका पट्टीला एवढा करंट पुरेसा आहे आणि उनोच्या पायालाही तो सहज झेपतो.

आता कॉमनकडे बघा. आकडा ८ आणि सोबत बिंदू, म्हणजे आठही एलईडी पेटलेले. आठांचा करंट एकाच कॉमन पायातून बाहेर पडतो: ८ गुणिले ९, ७२ मिलिअँपिअर. हा कॉमन थेट उनोच्या पायाला लावला तर आपण कमाल मर्यादेच्याही जवळपास दुप्पट गेलो. बऱ्याच व्हिडिओंत असंच जोडलेलं दिसतं आणि ते चालतानाही दिसतं. पाय लगेच जळत नाही म्हणून जोडणी बरोबर ठरत नाही. शेडमध्ये रात्रभर, महिनाभर चालणाऱ्या वस्तूत असं करू नका. प्रत्येक कॉमनला ट्रान्झिस्टर द्या. तो स्विचसारखा वागतो: बेस या पायात थोडा करंट गेला की कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा करंट वाहू देतो.

बीसी५४७ चा कलेक्टर करंट जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर. आपले ७२ त्यात बसतात. बेसला १ के रेझिस्टरमधून ५ व्होल्ट दिले की बेस-एमिटरचे ०.७ वजा जाता सुमारे ४ मिलिअँपिअर बेसमध्ये शिरतात, तेवढ्यात ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. उजेड वाढवावा म्हणून ३३० च्या जागी २२० ओहम लावाल तर एका पट्टीचे साडेतेरा होतात, आठांचे १०९, आणि बीसी५४७ ची हद्द ओलांडली. तसं करायचं असेल तर २एन२२२२ घ्या, त्याची ताकद बरीच जास्त आहे. फक्त त्याच्या पायांचा क्रम बनावटीप्रमाणे बदलतो, डेटाशीट बघूनच लावा.

रेझिस्टर कुठे लावायचा हा प्रश्न इथेच मिटवू. आठ पट्ट्यांच्या आठ तारांवर आठ रेझिस्टर. कॉमनवर एकच लावून सात वाचवायचा मोह होतो, पण मग एकच करंट पेटलेल्या पट्ट्यांत वाटला जातो. १ मध्ये दोनच पट्ट्या असतात म्हणून तो लख्ख दिसतो, ८ मध्ये सात असतात म्हणून तो फिका पडतो.

पायरी ३: आधी एकच आकडा

सुटा डिस्प्ले ब्रेडबोर्डाच्या मधल्या खाचेवर आडवा टाका, वरची ओळ खाचेच्या वर, खालची खाली.

उनोचा डिजिटल २ नंबरचा पाय ए ला, ३ बी ला, ४ सी ला, ५ डी ला, ६ ई ला, ७ एफ ला, ८ जी ला, ९ डीपी ला. प्रत्येकात ३३० ओहम. ० आणि १ हे पाय रिकामे ठेवा, संगणकाशी बोलणं त्यांच्यावरून चालतं. डिस्प्लेचा ३ नंबरचा कॉमन सध्या सरळ ग्राउंडला लावा. ग्राउंडला ७२ मिलिअँपिअर गेले तर हरकत नाही, तिथे पायाची मर्यादा लागत नाही.

आता कोडमध्ये एकेक पाय हाय करून बघा (हाय म्हणजे पायावर ५ व्होल्ट, लो म्हणजे शून्य). ए, मग बी, मग सी. क्रमाने पट्ट्या लागल्या पाहिजेत. इथे ए च्या जागी एफ लागली तर आत्ताच तार बदला. चारही आकडे जोडल्यावर ही चूक शोधणं फार अवघड जातं.

मग आकड्यांचा तक्ता लिहा:

० : ए बी सी डी ई एफ
१ : बी सी
२ : ए बी जी ई डी
३ : ए बी जी सी डी
४ : एफ जी बी सी
५ : ए एफ जी सी डी
६ : ए एफ जी ई डी सी
७ : ए बी सी
८ : सातही
९ : ए बी एफ जी सी डी
सेल्सिअसचं सी : ए एफ ई डी
आडवी रेघ : फक्त जी

हा तक्ता कोडमध्ये प्रत्येक आकड्याला एक बाइट असा ठेवतात, ए सर्वांत उजवीकडचा बिट, मग बी, असं करत डीपी सर्वांत डावीकडे. तुम्ही सुरुवातीला साधे हाय-लो लिहिलेत तरी चालेल.

पायरी ४: दुसरा आकडा, आणि सगळ्याचं मर्म

दुसरा सुटा डिस्प्ले शेजारी लावा. पहिल्याच्या ए पासून दुसऱ्याच्या ए ला तार, बी पासून बी ला, असं आठही. नवा रेझिस्टर लागत नाही, कारण तार रेझिस्टरच्या पुढून, डिस्प्लेच्या पायापासून निघते. पट्ट्यांच्या आठ तारा दोघांत समाईक झाल्या.

कॉमन मात्र वेगवेगळे. पहिल्याचा कॉमन ग्राउंडवरून काढा. एक बीसी५४७ घ्या, चपटी बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर पहिल्या डिस्प्लेच्या कॉमनला, एमिटर ग्राउंडला, बेस १ के मधून उनोच्या १० नंबरला. दुसऱ्या डिस्प्लेला दुसरा ट्रान्झिस्टर, त्याचा बेस ११ नंबरला.

आता १० हाय केला की पट्ट्यांच्या तारांवर जे असेल ते पहिल्या डिस्प्लेवर दिसेल. ११ हाय केला की दुसऱ्यावर. दोन्ही हाय केले तर दोन्हीकडे एकच आकडा. दोन वेगवेगळे आकडे एकाच क्षणी दाखवण्याची सोय या जोडणीत नाही, आणि तशी गरजही नाही. दिवाळीत फुलबाजी गरगर फिरवली की हवेत उजेडाचं अखंड कडं दिसतं, तसाच इथे डोळा आपल्या मदतीला येतो. पहिला आकडा क्षणभर, मग तो बंद, दुसरा क्षणभर, पुन्हा पहिला. वेग पुरेसा असला की दोन्ही सतत पेटलेले वाटतात. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात.

पुरेसा म्हणजे किती? प्रत्येक आकडा २ मिलिसेकंद ठेवला तर चार आकड्यांची फेरी ८ मिलिसेकंदांत होते, सेकंदाला १२५ फेऱ्या. डोळ्याला काही जाणवत नाही. १० मिलिसेकंद ठेवला तर सेकंदाला २५ फेऱ्या, आणि आकडे फडफडताना दिसतात. आधी मुद्दाम प्रत्येक आकडा अर्धा सेकंद ठेवून बघा. आकडे एकामागून एक उड्या मारतील. मग ५० मिलिसेकंद, मग १०, मग २. हा प्रयोग टाळू नका. यात मल्टिप्लेक्सिंग जेवढं समजतं तेवढं कुठल्याही आकृतीतून समजत नाही.

क्रम असा ठेवा:

आधी सगळे आकडे बंद. मग पट्ट्यांच्या आठ तारांवर नवा आकडा. मग त्याचा ट्रान्झिस्टर चालू. मग २ मिलिसेकंद. पुन्हा पहिल्यापासून.

"आधी सगळे बंद" ही पायरी गाळली तर आधीचा ट्रान्झिस्टर उघडा असतानाच पट्ट्या बदलतात आणि शेजारच्या आकड्याची पुसट छाया दिसू लागते. बंद करून काही मायक्रोसेकंद थांबलात तर आणखी चांगलं, ट्रान्झिस्टरला मिटायला थोडा वेळ लागतो.

पायरी ५: चार आकडे

दोन सुट्यांवर हे नीट चाललं की ते काढा आणि बारा पायांचा एकत्र डिस्प्ले लावा. पट्ट्यांची समाईक जोडणी त्याच्या आतच केलेली असते. बाहेर आठ पट्ट्यांच्या आणि चार आकड्यांच्या अशा बाराच तारा. सुटे चार जोडून अंतिम वस्तू करायची हौस असेल तर करा, पण तारांचं जंगल होतं, आणि सैल झालेली एक तार शोधताना सगळं उपटावं लागतं.

पहिला आकडा १० नंबरच्या ट्रान्झिस्टरवर, दुसरा ११, तिसरा १२, चौथा ए० वर. १३ नंबरवर उनोचा स्वतःचा एलईडी असतो, म्हणून तो सोडलाय. ए० नावाने अॅनालॉग असला तरी डिजिटल पायासारखा वापरता येतो.

चार आकडे म्हणजे प्रत्येकाला पाव वेळ. ९ मिलिअँपिअरची सरासरी सव्वादोन पडते, म्हणून एकटा आकडा जेवढा लख्ख होता तेवढे चार दिसणार नाहीत. पहाटेच्या अंधारात आणि शेडमध्ये हा उजेड भरपूर आहे. दुपारच्या उन्हात वाचायचा असेल तर डिस्प्लेसमोर लाल रंगाची पारदर्शक अॅक्रिलिक पट्टी लावा. करंट वाढवण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

चुकून कॉमन अॅनोड डिस्प्ले आणला असेल तर फेकू नका. बीसी५४७ ऐवजी बीसी५५७, एमिटर ५ व्होल्टला, कलेक्टर कॉमनला. मग कोडमध्ये सगळं उलटं: बेस लो केला की आकडा चालू, पट्टीचा पाय लो केला की पट्टी चालू. फक्त ३.३ व्होल्टवर चालणारा बोर्ड असेल तर ही जोडणी तशीच चालणार नाही. त्याचा हाय ३.३ च असतो, आणि ५ व्होल्टवरचा बीसी५५७ त्याने बंद होत नाही.

पायरी ६: तापमान, आणि डिस्प्ले गोठू न देणं

डीएस१८बी२० ची लाल तार ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी उनोच्या ए१ ला. पिवळी आणि ५ व्होल्ट यांच्यात ४.७ के चा रेझिस्टर. रंग उत्पादकाप्रमाणे बदलू शकतात, पाकिटावरची खूण बघा. उलटा जोडला तर सेन्सर काही सेकंदांत हाताला चटका देईल इतका तापतो. लगेच काढा.

आतापर्यंतच्या जोडणीची खरी परीक्षा इथे आहे. हा सेन्सर १२ बिटांच्या मापासाठी ७५० मिलिसेकंद घेतो. नेहमीचा कोड तेवढा वेळ तिथेच थांबून राहतो. त्या पाऊण सेकंदात आकडे कोण फिरवणार? कोणीच नाही. एकच आकडा पेटून राहतो, बाकीचे तीन विझतात, आणि दर मापाला डिस्प्ले डोळा मारल्यासारखा दिसतो. डिले, म्हणजे कोडला थांबवून ठेवणारी आज्ञा, हा शब्द या प्रकल्पातून काढून टाका. सेन्सरला मापायला सांगा, लायब्ररीला (सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडला) उत्तराची वाट न बघण्याची सूचना द्या, आकडे फिरवत राहा, मिलिसेकंदांचा काउंटर बघत राहा, आणि ७५० पेक्षा जास्त झाले की उत्तर वाचा. उत्तर वाचायलाही काही मिलिसेकंद जातात, तेव्हा वाचण्याआधी सगळे आकडे बंद करा. दर पाच-दहा सेकंदांनी एक सूक्ष्म मिचकावणी होईल, ती खपते. तीही नको असेल तर आकडे फिरवण्याचं काम टायमर इंटरप्टवर टाका, म्हणजे चिपचा टायमर ठरावीक वेळाने चालू काम मधेच थांबवून ते करून घेतो. घड्याळ किंवा मोजणीचं यंत्र बनवणाऱ्यांनी तर सुरुवातच टायमरने करावी.

तापमानाला दहाने गुणून पूर्णांक करा. ७.५ चे ७५, १२.३ चे १२३. शेवटचा अंक तिसऱ्या जागी, त्याआधीचा दुसऱ्या जागी बिंदूसह, त्याआधीचा पहिल्या जागी. पहिला अंक शून्य असेल तर ती जागा कोरी ठेवा. चौथ्या जागी सी. चालू करताच ८५.० दिसला तर घाबरू नका, वीज मिळाल्यावर पहिलं माप होईपर्यंत सेन्सर हाच आकडा देतो. पहिलं उत्तर सोडून द्या. नेहमीच्या लायब्ररीत उणे १२७ आला तर सेन्सरची तार निसटली आहे, तेव्हा चार आडव्या रेघा दाखवा. बागायतदाराला चुकीचा आकडा दिसण्यापेक्षा रेघा दिसलेल्या बऱ्या.

सेन्सर बागेत लावण्याआधी बर्फाच्या पाण्यात तपासा. बर्फाचा चुरा भरपूर, पाणी थोडं, ढवळत राहा. काही मिनिटांत शून्याच्या आसपास स्थिर झाला पाहिजे. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक या सेन्सरला मान्य आहे. बाजारात नकली डीएस१८बी२० खूप आहेत, त्यामुळे ही तपासणी सोडू नका. फरक कायम एकाच बाजूचा असेल तर कोडमध्ये तेवढा वजा करा. मग प्रोब वेलीच्या पानोऱ्याच्या उंचीवर, पत्र्यापासून आणि उन्हापासून दूर टांगा. पत्र्याखाली लावलेला सेन्सर पत्र्याचं तापमान सांगतो.

बिघाड कुठे शोधायचा

एक पट्टी चारही आकड्यांत गायब असेल तर ती तार किंवा तिचा रेझिस्टर सैल आहे. एकाच आकड्यात गायब असेल आणि डिस्प्ले एकत्र असेल, तर ती पट्टी मेली आहे, डिस्प्ले बदला. अख्खा आकडा बंद असेल तर त्याचा ट्रान्झिस्टर उलटा लागलाय का बघा. चारही जागी एकच आकडा दिसत असेल तर कोड आकडे बंद करत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात आकडे लुकलुकतात किंवा काही अर्धवट दिसतात, पण नुसत्या डोळ्यांना ठीक दिसतात, तर तो बिघाड नाही. कॅमेरा तुमच्या फेऱ्या टिपतोय.

झिरो पीसीबीवर

ब्रेडबोर्ड शेडमध्ये टिकत नाही. फवारणीचा ओलावा, धूळ, ट्रॅक्टरचे हादरे यांनी तारा सुटतात. झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कोऱ्या सोल्डरिंग बोर्डवर, डिस्प्ले थेट सोल्डर करू नका, बर्ग स्ट्रिपचं (एका रांगेतल्या भोकांच्या पट्टीचं) सॉकेट लावून त्यात बसवा. डिस्प्ले आणि उनो यांच्यात फ्लॅट केबल वापरा, बारा तारा एका रांगेत राहतात. ५ व्होल्टच्या रांगेवर १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवा. वीज साध्या मोबाइल चार्जरवरून घ्या. पॉवर बँक वापरणार असाल तर आधी रात्रभर चालवून बघा, करंट कमी आहे असं समजून काही पॉवर बँका आपोआप बंद होतात.

तारा कमी करायच्या असतील तर

उनोचे तेरा पाय गुंतले आणि अजून बझर, बटण, रिले लावायचा असेल तर ७४एचसी५९५ हे शिफ्ट रजिस्टर घ्या. तीन तारांवर आठ आउटपुट मिळतात. पट्ट्या त्याच्यावर टाका, ट्रान्झिस्टर तसेच ठेवा. हिशेब मात्र पुन्हा करा. या चिपमधून एकूण ७० मिलिअँपिअरच जाऊ शकतात आणि आपले ७२ होत होते. ३३० च्या जागी ४७० ओहम लावा, आठ पट्ट्यांचे ५१ होतात. प्रत्येक चिपजवळ १०४ छापलेला छोटा कॅपॅसिटर हवाच.

तयार मॉड्यूलही मिळतात. टीएम१६३७ दोन तारांवर चार आकडे चालवतो आणि फिरवण्याचं काम स्वतः करतो. घेताना बघा, घड्याळासाठीच्या मॉड्यूलवर मधे दोन ठिपके असतात आणि बहुतेकांत दशांश बिंदू जोडलेलेच नसतात. थर्मामीटरला बिंदूवालं मॉड्यूल लागतं. मॅक्स७२१९ आठ आकड्यांपर्यंत जातो, पण फक्त कॉमन कॅथोड, आणि ५ व्होल्टवर त्याला हाय म्हणून किमान ३.५ व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टच्या बोर्डवर तो कधी चालतो, कधी नाही, त्याच्या भरवशावर बसू नका. घाई असेल तर मॉड्यूल घ्या. पण दोन सुट्या डिस्प्लेंचा वरचा प्रयोग एकदा हाताने केलेला असेल तर मॉड्यूल बंद पडल्यावरही तुम्ही अडत नाही.

बागेच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल असा मोठा, २.३ इंच किंवा त्याहून उंच डिस्प्ले हवा असेल तर जोडणी बदलते. त्याच्या एका पट्टीत अनेक एलईडी एकामागे एक असतात, सगळ्यांना मिळून ७ व्होल्ट किंवा जास्त लागतात. उनोचे ५ व्होल्ट तिथे पोचतच नाहीत. १२ व्होल्टचा अडॅप्टर, कॉमन अॅनोड डिस्प्ले, आणि प्रत्येक आकड्याला एक टीपीआयसी६बी५९५ घ्या. ही चिप ५९५ सारखीच तीन तारांवर चालते, पण तिचा प्रत्येक पाय १५० मिलिअँपिअर ग्राउंडला ओढू शकतो. इथे मल्टिप्लेक्सिंग नकोच, प्रत्येक आकडा सतत पेटलेला ठेवा, उजेड पूर्ण मिळतो. पट्टीला साडेसात व्होल्ट लागत असतील तर १२ मधून उरलेल्या साडेचारला २२० ओहमने भागून सुमारे २० मिलिअँपिअर येतात. अडॅप्टरचं आणि उनोचं ग्राउंड एकमेकांना जोडायला विसरू नका. आणि बिंदूचा रेझिस्टर वेगळा काढा: अनेक मोठ्या डिस्प्लेंत बिंदूमध्ये पट्टीपेक्षा कमी एलईडी असतात, पट्टीचाच रेझिस्टर त्याला लावला तर बिंदू जास्त करंट ओढून आधी जातो. डेटाशीटमध्ये बिंदूचं व्होल्टेज स्वतंत्र दिलेलं असतं, तिथून भागाकार पुन्हा करा.